राहिलेला फिटर

आमचे घरमालक कुठूनही निघायच्या आधी माणसं मोजत. लग्नाहून, बाजारातून, देवळातून, कुठूनही. आम्ही तिघंच असलो तरी मोजत. एक बोट हवेत, ओठ पुटपुटतायत, आणि सगळ्यात शेवटी तेच बोट स्वतःच्या छातीला लावायचं. एकदा एका मयतीहून परतताना त्यांनी स्मशानाच्या फाटकातच मोजायला सुरुवात केली. घरी आल्यावर काकूंनी त्यांना फैलावर घेतलं. "आज एक कमीच भरनार की वो. येवडंबी कळंना का?" त्यावर ते म्हणाले, "म्हनून काय मोजायचं सोडायचं?"

नगरला लागून असलेलं सगळं भिंगार त्यांना मिस्त्री म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. मी तेव्हा नगरच्या कोर्टात नुकताच टायपिस्ट म्हणून लागलो होतो. नोकरी कच्ची. दर सहा महिन्यांनी पुढची ऑर्डर हातात पडेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. मिस्त्रींच्या मागच्या अंगणातली खोली भाड्यानं घेतली आणि तिथं पावणेतीन वर्षं काढली. मिस्त्री एका कंत्राटदाराकडे फिटर होते. बुलडोझर, रोलर, पाण्याचे पंप, असली अवजड जनावरं त्यांच्या हाताखाली. ती नोकरी पुढे गेली. माझ्यामुळे गेली असं काकूंनी कधी तोंडातून काढलं नाही, मिस्त्रींनी तर नाहीच. म्हणून ते मलाच म्हणावं लागतं.

मिस्त्रींचा देवापेक्षा डिसमिसवर जास्त विश्वास. डिसमिस म्हणजे त्यांचा हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. कोर्टात दिवस काढणाऱ्या माणसाला तो शब्द ऐकूनच धडकी भरायची. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "आत काय दुकतंय ते आपआपलं सांगतं," असं ते म्हणत. काकूंचा स्टोव्ह फरफरायला लागला की त्याला डिसमिस. पाथर्डीच्या रस्त्यावर एस.टी. बंद पडली तर ड्रायव्हरला बाजूला सारून बोनेटात डिसमिस. मला पंधरा दिवस खोकला झाला तेव्हा तो एका सकाळी माझ्या बरगड्यांवर आला. मी भीतीनं श्वास रोखून धरला. "श्वास सोडा की, कोर्टसाहेब. बंद इंजनाचं काय ऐकू?" मग बराच वेळ ऐकून म्हणाले, "व्हॉल्व्ह चांगला हाय. नुसता धसका घेतलाय."

ते मला कोर्टसाहेब म्हणत. कोर्टात मला 'ए टायपिस्ट' यापलीकडे कुणी काही म्हणत नसे.

सिनेमा पाहायचा तो यंत्रांचा, हा त्यांचा नियम. हिंदी सिनेमात हिरो गाडी चालवत गाणं म्हणायला लागला की ते उठून बाहेर येत. "दोनी हात वर करून गानं म्हनतोय, मंग गाडी कोन चालवतंय?" नगरच्या एका थिएटरात रविवारी सकाळी इंग्रजी खेळ लागायचा. गर्दी असायची ती छावणीतल्या जवानांची आणि कॉलेजातल्या पोरांची. त्यांच्यात मिस्त्री, धुतलेल्या पण तेलाचे डाग न गेलेल्या कपड्यांत, आणि शेजारी मी, दुभाष्या म्हणून. त्यांच्या हातात शाळेची चाळीस पानी वही असायची आणि तिला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. पडद्यावर यंत्र आलं की अंधारातच त्याच्या चुका टिपायच्या. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या असत, त्या वाचून क्रमांक घालायचं काम घरी आल्यावर माझं. टिपणं एक वेळ परवडलं, पण ते मधेच मोठ्यानं बोलत. "ह्येचा रेडिएटर कुटं हाय?" पुढचे जवान वळून पाहत आणि मी खुर्चीत इतका खाली सरकत असे की माझा अर्धा सिनेमा पुढच्या डोक्यांच्या फटीतून व्हायचा.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात असाच एक सिनेमा लागला. नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला 'धुळीचा पिच्चर' म्हणायचो. पाच जण अग्निबाणात बसून कुठल्याशा दूरच्या ग्रहावर जातात. तिथं सगळीकडे राखाडी धूळ. बरोबर एक साखळीची गाडी, बुलडोझरच्या वळणाची. एक बाई असते, ती निम्मा सिनेमा किंचाळण्यात घालवते. खरं सांगायचं तर सिनेमा टुकार होता. शेवटी निघायची वेळ येते, ग्रह थरथरायला लागतो आणि अग्निबाणाचं दार लागत नाही. कारण कडी बाहेरून! तेव्हा त्यांच्यातला फिटर, ज्याला आख्ख्या सिनेमात तीन वाक्यं होती, तो निमूट खाली उतरतो, कडी घालतो, दारावर दोनदा थाप मारतो आणि अग्निबाण निघून जातो. मग एकदम पृथ्वी, बँड, फुलं, हिरोच्या गळ्यात ती बाई. समाप्त.

दिवे लागले, लोक उठले. मिस्त्री उठेनात. डोअरकीपर येऊन म्हणाला, "उठा बाबा, खेळ संपला."

"संपला कसा? मानूस ऱ्हायलाय न्हवं तितं!"

"कुठं?"

मिस्त्रींनी पडद्याकडे हात केला. पडदा पांढरा झाला होता. "पाच गेल्ते. चार आले. मोजले न्हाईत का तुमी?"

डोअरकीपरनं माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रींच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर आणलं. भिंगारपर्यंत ते एकच पालुपद बोलत होते. "भाहेरून कडी गोठ्याला बशिवत्यात. मानसाच्या दाराला कोन बशिवतो? आतून कडी आसती तर ऱ्हायला आसता का त्यो?"

त्या संध्याकाळी काकू बाजरी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला मोजण्यामागची गोष्ट सांगितली. सहा-सात वर्षांपूर्वी पाथर्डीच्या पलीकडे डोंगरावरच्या माळावर कंत्राटदाराचं काम होतं. बुलडोझर बंद पडला. दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणून सगळी माणसं ट्रकमध्ये बसून खाली गेली. मुकादम जाता जाता म्हणाला, "मिस्त्री, तुमी मशीन बगा, सांजच्याला गाडी लावून देतो." गाडी तिसऱ्या दिवशी आली. बाटलीतलं पाणी पहिल्याच दुपारी संपलं होतं. मिस्त्रींनी रेडिएटरचं पाणी सोडून प्यायलं, गंजाचं आणि तेलाचं.

"गाडी आली, तर मुकादम पहिलं काय इचारतो ठावं हाय का, भाऊ?" काकू म्हणाल्या. "मशीन चालू झालं का. ह्यांला वाटलं, आपल्याला न्यायाला आल्यात. ते मशीनसाटी आल्ते. तवापासनं मोजत्यात."

मिस्त्रींनी ठरवलं, सिनेमावाल्यांना पत्र घालायचं. पोस्टरच्या तळाला बारीक अक्षरात अमेरिकेतल्या कंपनीचं नाव आणि गाव होतं, ते मी उतरवून आणलं. दोन महिने पत्र चाललं. एकंदर चौदा चुका. सोबत दोन चित्रं, पट्टीनं आखलेली. एक कडीचं, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडेल असं. दुसरं साखळीच्या गाडीचं, धूळ खरवडून काढायला चाकांपाशी पत्रा बसवलेलं. मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं. माझं इंग्रजी कोर्टाचं. त्यामुळे 'फिटरला सोडून आलात, लाज वाटत न्हाई का' याचं 'सदरहू फिटर यांस कोणतीही पूर्वसूचना न देता मागे ठेवण्यात आले' अशा थाटाचं काहीतरी झालं. शेवटी मिस्त्रींना फक्त एवढंच हवं होतं, 'मानूस आनायला जा.' मी टाइप केलं, 'तरी याबाबत तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी.'

"ताकद हाय का त्यात?" त्यांनी विचारलं.

"खूप आहे," मी म्हणालो.

पत्र मी कोर्टाच्या मशीनवर, कोर्टाच्याच कागदावर, सुटी झाल्यावर चोरून टाइप केलं होतं. टाकायचं कामही माझ्याकडेच आलं. पहिल्या दिवशी परदेशी तिकिटाची खिडकी बंद होती. दुसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं, कोर्टाचा कागद ओळखू आला तर? तिसऱ्या दिवशी काही मनात आलं नाही, नुसतीच टाळाटाळ झाली. असं करता करता पत्र माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली गेलं आणि बघता बघता लढाई आली.

लढाईच्या दिवसांतलं भिंगार ज्यांनी पाहिलं नाही त्यांना माझी अवस्था समजणार नाही. खिडक्यांच्या काचांना काळे कागद. रस्त्यानं रणगाडे जायचे तेव्हा मांडणीवरची भांडी वाजायची. जो तो हेर शोधत होता. पाट्या रंगवणाऱ्या एका गरीब रंगाऱ्याला, तो भिंतीकडे टक लावून उभा होता एवढ्यावरून, लोकांनी धरून चौकीवर नेलं. अमेरिका तेव्हा पाकिस्तानच्या बाजूची. आणि माझ्या ट्रंकेत काय होतं? छावणीच्या गावातून अमेरिकेला लिहिलेलं पत्र, सरकारी कागदावर, आत साखळीच्या गाडीचं मोजमापासकट चित्र. चित्र बुलडोझरचं होतं हे मला माहीत होतं. पण घाबरलेल्या डोळ्यांना बुलडोझर आणि रणगाडा यांत फारसा फरक दिसत नाही. मी ते काढून पाहायचो आणि दर वेळी ते जास्तच रणगाड्यासारखं दिसायचं.

एका सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून पोलिसाची टोपी सरकत येताना दिसली. "टायपिस्ट इथंच राहतात का?" मी ट्रंक उघडली, न्हाणीघरात गेलो, पेटत्या बंबात पाकीट कोंबलं आणि ते जळेपर्यंत काडीनं ढोसत राहिलो. बाहेर आलो तेव्हा पोलीस काकूंच्या हातचा चहा बशीत ओतून पीत होता. माझ्या नोकरीसाठी वर्तणुकीचा दाखला लागत होता, त्याची चौकशी. "पोरगा व्यसनी नाही ना?" एवढं विचारून तो गेला.

"बंबात काय घातलं, भाऊ?" काकूंनी विचारलं. "लई काळा धूर आला."

"रद्दी होती."

संध्याकाळी मिस्त्री आले. बरेच दिवसांनी त्यांनी सहज विचारलं, "टाकलं न्हवं पत्र?"

"टाकलं," मी म्हणालो. एवढाच एक शब्द. तो तोंडातून गेला आणि पुढे दीड वर्ष माझ्या पोटात बसून राहिला.

कारण मिस्त्री वाट पाहू लागले. पोस्टमन दिसला की विचारायचे, "अमेरिकेचं काय?" तो चेष्टेखोर होता. म्हणायचा, "बैलगाडीनं गेलं असंल, मिस्त्री. चाकोरी धरून." मिस्त्री गंभीरपणे मान हलवायचे. "लांबचा पल्ला हाय खरा." पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी ताटावरून उठून मागच्या अंगणात जायचो. मी गुन्हेगार पाहिलेत, रोजच पाहायचो. पिंजऱ्यात उभे राहूनही ते माझ्यापेक्षा निवांत दिसायचे. सहा-आठ महिन्यांनी मिस्त्रींनी विचारणं सोडलं, आणि ते मला जास्तच लागलं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला तो दुष्काळाच्या पाठोपाठ. एक दिवस मिस्त्री तेलकट कपड्यांनिशी थेट कोर्टात, टायपिंगच्या खोलीच्या दारात. मला वाटलं, काकूंना काही झालं. "कोर्टसाहेब, धुळीच्या पिच्चरचा दुसरा भाग लागलाय!" असं त्यांनी ओरडून सांगितलं. हेडक्लार्कनं चष्मा वर केला.

रविवारी गेलो. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर आलं. लोक तेव्हा शेंगा सोलत असतात, पण कोर्टातल्या माणसाची नजर आधी तारखेवर जाते. तारीख आमचं पत्र टाइप व्हायच्या आधीची होती. चांगले सहा-सात महिने आधीची. म्हणजे आम्ही चौदा चुका मांडत बसलो होतो तेव्हा दुसरा भाग तयार होऊन आपल्या देशात येऊनही पडला होता. नगरपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला, इतकंच. मिस्त्रींना इंग्रजी आकडे वाचता यायचे, पण ते पेन्सिलीला टोक काढत होते.

आणि सिनेमा सुरू झाला तोच त्या फिटरपासून. तो जिवंत होता. त्याच साखळीच्या गाडीत घर करून राहिला होता. चाकांना त्यानं धूळ खरवडायला पत्रा बसवला होता, थेट मिस्त्रींच्या चित्रातल्यासारखा. मिस्त्रींची पेन्सिल थांबली. मग पृथ्वीवरचे ते चौघं. हार-तुरे मिळालेत, मोटारी मिळाल्यात, पण कुणालाच झोप लागत नाही. बिछान्यात उठून बसतात, पाणी पितात, पुन्हा पडतात. शेवटी कप्तान एकेकाच्या घरी जातो. फार बोलत नाही. सगळे कोट अंगात घालून त्याच्यामागं निघतात. नव्या अग्निबाणाला कडी दोन्हीकडून. ती बाई या खेपेला एकदाही किंचाळली नाही, सबंध यंत्र तिनं चालवलं. पहिल्या भागात मी दहा वेळा घड्याळ पाहिलं होतं. या वेळी ती तारीख डोक्यात घण घालत असूनही अर्धा तास मी भ्यायचंच विसरून गेलो.

अग्निबाण उतरतो तेव्हा फिटर धावत येत नाही. तो आधी चिंधीनं हात पुसतो, नीट, एकेक बोट, आणि मग कप्तानाच्या हातात हात देतो. मिस्त्रींनी माझं मनगट धरलं. कप्तान काहीतरी बोलला.

"काय म्हनला?"

"म्हणाला, उशीर झाला."

"मशीनचं काय इचारलं का?"

"नाही. मशीनचं काहीच नाही."

खेळ सुटल्यावर मिस्त्री थिएटरच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. कॉलेजची पोरं पाहत पाहत जात होती. वही कोरी होती. "वाचलं त्यांनी," ते म्हणत होते. "कोर्टसाहेब, वाचलं वो त्यांनी! कडी बगितली का? पत्रा बगितला का?" मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथं, त्या पायरीवर. मला लाज वाटते ती याचीच, जाळल्याची तितकीशी नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी वर्कशॉपमधली अकरा माणसं सिनेमाला नेली. बाहेर आल्यावर कंत्राटदाराच्या कारकुनानं खवचटपणे विचारलं, "मिस्त्री, पत्र टाकल्याची काही पावती-बिवती?"

"पावती कशाला? ह्यो मानूस हाय की!" आणि मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अकरा माणसं माझ्याकडे पाहत होती. "मीच टाकलं," मी म्हणालो.

त्यानंतर महिन्याभरात मिस्त्री पाथर्डीकडे गेले. दुष्काळी कामावर एका तलावाची माती उपसणं चाललं होतं. आठ दिवसांनी आले ते ओळखू येईनात. जेवले नाहीत. कंत्राटदाराचा टँकर तिथं यायचा तो बुलडोझर आणि रोलरसाठी. पिंपांना कुलूप. माती वाहणाऱ्या बायामाणसांनी दोन कोसांवरच्या विहिरीवर जायचं, तिथंही गाळच. बाजारच्या दिवशी टँकर गेला तो दोन दिवस आलाच नाही. एक लेकुरवाळी बाई भोवळ येऊन पडली. मिस्त्रींनी बुलडोझरचा रेडिएटर सोडला आणि तिच्या तोंडात पाणी घातलं.

"तेच गंजाचं पानी," ते म्हणाले. "मशीनला पाजायचं, मानसाला न्हाई. कोर्टसाहेब, अर्ज करायचा. कामं बगनाऱ्या सरकारी सायबाला. माज्या सहीनं, आन् माज्या हातानं नेऊन द्यायचा."

काकू म्हणाल्या, "कंत्राटदार दुसऱ्या दिवशी घरी बशिवल. मंग?"

"आगं, अमेरिकेनं ऐकलं माजं! हे तर हितं नगरात बसल्यात."

मी अर्ज टाइप केला. तो द्यायचा सोमवारी, मधे तीन दिवस. एका निकालात मी आरोपीच्या नावाच्या जागी 'मिस्त्री' टाइप करून ठेवलं, बोलणी खाल्ली. हा माणूस ज्या बळावर नोकरी पणाला लावायला निघाला होता ते बळ मी बंबात जाळलं होतं. सांगितलं नाही तर तो खोट्या भरवशावर भाकरी घालवणार. सांगितलं तर म्हणणार, कोण ऐकतंय आपलं, आणि अर्ज फाडणार, आणि ती माणसं तिथं तशीच राहणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मिस्त्रींचं तोंड कसं होईल, हे तर मला मनातसुद्धा पाहवत नव्हतं.

सोमवारी सकाळी ते आंघोळ करून, पांढरा सदरा घालून निघाले. काकू टोपी झटकत होत्या. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि एका दमात बोललो. "मिस्त्री, अमेरिकेचं पत्र मी टाकलं नाही. जाळलं."

काकूंचा हात थांबला. "त्या दिशी? बंबात?"

"हो."

मिस्त्री खाटेवर बसले. "कशापायी?"

"भीती वाटली."

"कुनाची?"

"पोलिसाची."

"त्यो च्या पिऊन गेला न्हवं?"

"हो."

मी ती तारीखही सांगितली. टाकलं असतं तरी उपयोग नव्हता, दुसरा भाग आधीच काढून झाला होता. हे सांगितल्यानं माझं पाप हलकं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.  मिस्त्री उठले, टोपी घातली, कोनाड्यातला अर्ज उचलला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडले. माणसं मोजली नाहीत. काकू मला म्हणाल्या, "बगत काय उभा ऱ्हायला? जा की मागं."

भिंगारपासून साहेबाच्या कचेरीपर्यंत ते पायी गेले. मी दहा पावलं मागं. कोर्टाची वेळ टळून गेली. चौथ्या दिवशी टँकर रोजचा होईल, पिंपांचं कुलूप निघेल, आणि आठव्या दिवशी मिस्त्रींना घरी बसवतील, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि मुठीतला कागद. दर चौकात वाटायचं, आता फाडतील. एकदा त्यांनी तो उलगडला, पाहिला, परत घडी केली. 

कचेरीच्या दाराशी ते थांबले. मी जवळ गेलो. पावणेतीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं.

"एक सांग. मंग ते फिटरला आनायला का गेले?"

"म्हणजे?"

"माजं पत्र पोचलं न्हाई. मंग त्यांला सांगितलं कुनी?"

"कुणीच नाही."

"दुसऱ्या कुनाचं गेलं आसंल?"

"मला नाही वाटत. कोण लिहिणार?"

"म्हंजे आपल्याआपन गेले?"

"हो. झोप लागेना, म्हणून गेले."

ते माझ्याकडे वळले. जे तोंड पाहायला मी दीड वर्ष भीत होतो ते समोर होतं, आणि ते मोडलं नव्हतं. थिएटरच्या पायरीवर होतं तसंच भरून आलं होतं.

"कुनी न सांगता," ते म्हणाले. "मंग मला वाटला त्येच्यापरीस चांगला पिच्चर हाय त्यो."

त्यांनी अर्जाची घडी उघडून मांडीवर हातानं सपाट केली. आत पंखा फिरत होता, साहेबाची पाठ दिसत होती.

"पन ह्यांला झोप लागती," मिस्त्री म्हणाले. "ह्यांला सांगावंच लागंल."

त्यांनी दाराशी चपला काढल्या. मग मीही माझ्या काढल्या.